घरातला वाटाड्या : राउटर कसा निवडावा?

समजा, तुमच्या घरी इंटरनेटची जोडणी आहे. रस्त्यावरच्या खांबावरून काचतंतूची एक बारीक तार खिडकीतून आत आलेली आहे. घरात टेबलावरचा एक संगणक, ताईचा लॅपटॉप आणि आईबाबांचे दोन मोबाइल आहेत. म्हणजे तार एक आणि मागणारे चार. येत्या मंगळवारी ताईची नोकरीसाठी मुलाखत आहे, आणि तीही संगणकाच्या पडद्यावरूनच व्हायची आहे. मागच्या मुलाखतीत तिचा आवाज सारखा तुटत होता, चित्र गोठत होते, आणि ती नोकरी हातची गेली. बाबा म्हणतात, "या वेळी चांगला राउटर आणू या." दुकानात पाहावे तर हजार रुपयांपासून दहा-पंधरा हजारांपर्यंतचे राउटर मांडलेले! यांतला कोणता घ्यायचा?

दुकानदाराला विचारण्यापूर्वी राउटर मुळात करतो काय, हे आपण समजावून घेऊ. ते नीट समजले, तर कदाचित असेही दिसेल की मागच्या वेळी दोष राउटरचा नव्हताच.

इंटरनेटवरून जाणारा कोणताही मजकूर, चित्र वा आवाज सलग जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे करतात. या तुकड्यांना पाकिटे म्हणू. एका पाकिटात साधारणपणे दीड हजार बाइटपर्यंत माहिती मावते. प्रत्येक पाकिटावर ते कोठून निघाले आणि कोठे जायचे आहे, हे दोन पत्ते लिहिलेले असतात. पत्ता वाचून पाकीट योग्य वाटेला लावणारा तो राउटर. मराठीत त्याला वाटाड्या म्हणायला हरकत नाही.

पत्ता म्हणजे एक संख्याच असते. १९८१ साली जी पद्धत ठरली, तिच्यात पत्त्यासाठी ३२ बिट राखून ठेवले होते. प्रत्येक बिट शून्य किंवा एक असू शकतो. तेव्हा एकूण पत्ते झाले २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. त्या वेळी जगाची लोकसंख्या सुमारे साडेचारशे कोटी होती. दर माणशी एक पत्तादेखील पुरला नसता! पण तेव्हा संगणकच इतके थोडे होते, की ही संख्या अफाट वाटली. पुढे घरोघरी संगणक आले, मग खिशाखिशांत मोबाइल आले, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये जगाच्या मध्यवर्ती साठ्यातील न वाटलेल्या पत्त्यांचे शेवटचे गठ्ठेही वाटून संपले.

मग आज तुमच्या घरातल्या चार यंत्रांचे चालते कसे? १९९४ साली मांडलेल्या एका युक्तीमुळे. ती युक्ती नीट समजली, की घरगुती राउटरचे अर्धे काम समजले.

एक वसतिगृह डोळ्यांसमोर आणा. पोस्टाला फक्त वसतिगृहाचा पत्ता ठाऊक आहे. खोल्यांचे क्रमांक ठाऊक नाहीत. खोली पाचमधला मुलगा पत्र लिहून रखवालदाराकडे देतो. रखवालदार पाकिटावरचा 'खोली ५' हा पत्ता खोडतो, वसतिगृहाचा पत्ता लिहितो आणि कोपऱ्यात एक खुणेचा आकडा टाकतो, समजा ४०००१. आपल्या वहीत तो नोंद करतो : '४०००१ म्हणजे खोली ५'. उत्तर येते ते वसतिगृहाच्या पत्त्यावर, पण त्यावर तोच खुणेचा आकडा असतो. रखवालदार वही उघडतो आणि पत्र खोली पाचमध्ये नेऊन देतो.

राउटर नेमके हेच करतो. घरातल्या यंत्रांना तो १९२.१६८.१.२, १९२.१६८.१.३ असे खासगी पत्ते वाटतो. वर्गात शिक्षक हजेरीक्रमांक देतात, तसेच हे. अशा पत्त्यांचे काही गट घरगुती वापरासाठी मुद्दाम राखून ठेवलेले आहेत. तुमच्या घरी आणि शेजारच्या घरी एकच पत्ता असला तरी काही बिघडत नाही, कारण हे पत्ते उंबरठ्याबाहेर जातच नाहीत. बाहेर जाताना राउटर त्यांच्या जागी स्वतःचा पत्ता लिहितो, खुणेचा आकडा टाकतो आणि वहीत नोंद करतो. खुणेच्या आकड्याला १६ बिट असतात, म्हणून असे आकडे ६५,५३६ होतात. घराला ते पुरून उरतात. ही सारी खटपट एका सेकंदात हजारो वेळा चालते.

रखवालदाराच्या वहीत ज्याची नोंद नाही, असे पत्र बाहेरून आले तर? ते कोणाला द्यायचे हे त्याला कळत नाही. तो ते टाकून देतो. यामुळे बाहेरच्या आगंतुकांपासून घरातल्या संगणकांना थोडासा आडोसा आपोआप मिळतो. मात्र या आडोशाला तटबंदी समजू नका. पत्त्यांची नवी पद्धत १२८ बिटांची आहे. तिच्यातील एकूण पत्त्यांची संख्या लिहायला ३९ अंक लागतात! तिच्यात घरातील प्रत्येक यंत्राला स्वतंत्र जागतिक पत्ता मिळू शकतो, आणि मग ही वहीच लागत नाही. तेथे आगंतुकांना अडवायचे काम राउटरमधल्या वेगळ्या पहारेकरी कार्यक्रमाला करावे लागते. राउटर घेताना तो ही नवी पद्धत जाणतो की नाही, हे जरूर विचारावे.

आता घरातल्या त्या डब्याकडे वळू. इंटरनेटच्या कंपनीने तार जोडताना भिंतीवर एक डबा लावलेला असतो. काचतंतूतून येणाऱ्या प्रकाशाच्या स्पंदांचे विजेच्या स्पंदांत रूपांतर करणे हे त्याचे पहिले काम. पण पुष्कळदा त्याच डब्यात राउटरही असतो आणि वाय-फायचा बिनतारी प्रेषकही असतो. त्याला दोन काड्या दिसल्या आणि मोबाइल थेट त्याला जोडला जात असेल, तर राउटर तुमच्या घरी आधीच आलेला आहे! दुकानातल्या बहुतेक राउटरना काचतंतू जोडण्याची सोयच नसते, त्यामुळे नवा राउटर आणला तरी तो डबा राहणारच.

येथे अनेकांची एक गफलत होते. ते जुन्या डब्याला नवा राउटर जोडतात आणि एकामागे एक दोन रखवालदार बसवतात. प्रत्येक पाकिटाचा पत्ता दोनदा खोडला जातो, दोन वह्यांत नोंदी होतात. साधे वाचन, चित्रपट पाहणे चालते; पण खेळ, घरातला छापयंत्राचा वापर अशा ठिकाणी गोंधळ उडतो, आणि तो का उडाला ते घरात कोणालाच कळत नाही. दोन्ही ठेवायचे असतील, तर दोघांपैकी एकानेच रखवालदारी करावी. नव्या राउटरच्या मांडणीत त्याला नुसते बिनतारी केंद्र म्हणून चालवण्याची सोय बहुधा असते. ती निवडावी.

आता खोक्यावरच्या आकड्यांविषयी. एका खोक्यावर '१२००' असे ठसठशीत छापलेले असते. वाचणाऱ्याला वाटते, सेकंदाला १२०० मेगाबिट मिळणार. हा आकडा येतो कसा, पाहा. राउटर दोन कंप्रतापट्ट्यांवर बोलतो. एकीवर त्याचा कमाल वेग ३०० आणि दुसरीवर ८६७. बेरीज ११६७, आणि ती वाढवून १२००. तुमचा लॅपटॉप सहसा एका वेळी एकाच पट्टीवर बोलतो, त्यामुळे ही बेरीज त्याला मिळत नाही. शिवाय ८६७ हा आकडाही कागदावरचा. निम्मा वेळ इशारे, पोचपावत्या आणि वाट पाहणे यांत जातो. प्रत्यक्षात निम्म्याच्या आसपास हाती लागले तरी समाधान मानावे.

याहून मोठी मेख राउटरच्या पाठीमागे असते. तारा खुपसायच्या ज्या खाचा तेथे असतात, त्यांचा वेग पुष्कळ स्वस्त राउटरमध्ये फक्त १०० मेगाबिट असतो. इंटरनेट आत येते ते याच खाचेतून! तुम्ही २०० मेगाबिटच्या जोडणीचे भाडे भरत असाल आणि खाच १०० ची असेल, तर हाती सुमारे ९४ पडतात. उरलेले पैसे पाण्यात. म्हणून खोक्यावरच्या मोठ्या आकड्याऐवजी 'खाचा गिगाबिटच्या आहेत का?' हे आधी विचारा. गिगाबिट म्हणजे १००० मेगाबिट.

बिट आणि बाइट यांचीही गल्लत होऊ देऊ नका. आठ बिटांचा एक बाइट. तेव्हा १०० मेगाबिटच्या जोडणीतून सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच उतरतात, आणि ४००० मेगाबाइटचा चित्रपट यायला ३२० सेकंद, म्हणजे सव्वापाच मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. कंपनीने फसवले असे वाटून घेण्याचे कारण नाही.

आता हवेतल्या प्रवासाकडे येऊ. वाय-फाय म्हणजे रेडिओलहरीच. घरगुती राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ या दोन कंप्रतापट्ट्या वापरतात. प्रकाशाच्या वेगाला कंप्रतेने भागले की तरंगलांबी मिळते, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. गणित करून पाहा : पहिल्या पट्टीची तरंगलांबी येते साडेबारा सेंटिमीटर, दुसरीची सहा सेंटिमीटरच्या जवळपास. कमी कंप्रतेच्या लहरी भिंती ओलांडून दूरवर पोचतात, पण त्यांची पट्टी अरुंद आहे. तिच्यात एकमेकांवर न चढणारे मार्ग जेमतेम तीन : क्रमांक १, ६ आणि ११. दाट वस्तीत पंधरा-वीस शेजारी या तीन मार्गांवर गर्दी करतात. मायक्रोवेव्ह भट्टीही याच पट्टीत काम करते, आणि तिच्यातून थोडीशी गळती झाली तरी बिनतारी गप्पांत खरखर येते. ५ गिगाहर्ट्‌झची पट्टी ऐसपैस आहे, तिच्यात वेगही जास्त मिळतो. मात्र एक-दोन जाड भिंती आल्या की लहरी थकतात. दोन्ही पट्ट्या असलेलाच राउटर घ्यावा, हे उघड आहे.

एका मार्गावर एका वेळी एकालाच बोलता येते, ही हवेची खरी अडचण. दोघे एकदम बोलले तर कोणाचेच ऐकू येत नाही. १९७१ साली हवाई बेटांवरच्या विद्यापीठाने बेटाबेटांतील संगणक रेडिओने जोडले, तेव्हा हाच प्रश्न पडला होता. टक्कर झाली तर प्रत्येकाने मनाला येईल तितका वेळ थांबून पुन्हा बोलावे, असे त्यांनी ठरवले. दोघांचे थांबणे सारखे नसल्यामुळे दुसऱ्या खेपेला बहुधा टक्कर टळते. वाय-फायची यंत्रे आजही याच कल्पनेची सुधारलेली आवृत्ती वापरतात. ती आधी कान देऊन ऐकतात आणि शांतता असेल तरच बोलतात.

यातून एक चमत्कारिक गोष्ट निघते. जवळचा लॅपटॉप २०० मेगाबिटच्या वेगाने बोलत असेल, तर १० मेगाबाइटच्या, म्हणजे ८० मेगाबिटच्या फाइलला त्याला ०.४ सेकंद हवा लागते. तीच फाइल शेवटच्या खोलीतला, दोन भिंतींपलीकडचा जुना मोबाइल १० मेगाबिटने ओढत असेल, तर तो ८ सेकंद हवा अडवतो. म्हणजे एक संथ यंत्र सगळ्या घराला संथ करते! राउटर महाग आणला तरी हे टळत नाही. त्याची जागा बदलली तर टळते.

म्हणून राउटर घराच्या मध्याशी, डोक्याइतक्या उंचीवर ठेवावा. पुष्कळ घरांत तो दूरदर्शनसंचाच्या मागे किंवा लोखंडी कपाटाच्या आड लपवतात, कारण तो दिसायला चांगला नाही! धातू रेडिओलहरी परतवतो, पाणी त्या शोषून घेते. म्हणून कपाट, मोठा आरसा, मत्स्यपेटी, पाण्याची टाकी यांच्यापासून त्याला दूर ठेवा. उभ्या काडीतून लहरी चहूबाजूंना आडव्या पसरतात. त्यांच्या पसरण्याचा आकार मेदूवड्यासारखा असतो, आणि काडी त्या वड्याच्या भोकात उभी असते. काडीच्या नेमक्या वर आणि खाली लहरी फारच क्षीण असतात. काडी खोलीच्या दिशेला 'रोखून' धरली की जोर वाढतो, असे अनेकांना वाटते. ते उलटे आहे.

वाय-फायच्या पिढ्यांविषयी थोडक्यात सांगतो. चौथी पिढी २००९ ची, पाचवी २०१३ ची, सहावी २०२१ ची. सातवीही दुकानांत आली आहे. सहाव्या पिढीत पुष्कळ यंत्रांना एकाच वेळी थोडी थोडी जागा वाटून देण्याची सोय आहे, ती गर्दीच्या घरात उपयोगी पडते. पण राउटर सहाव्या पिढीचा आणि मोबाइल चौथीचा असेल, तर संभाषण चौथीच्याच भाषेत होणार.

टेबलावरचा संगणक तर हलतच नाही. त्याला हवेची गरज काय? शंभर-दोनशे रुपयांची तार आणून तो राउटरला जोडा. 'पाच-ई' दर्जाची तांब्याची तार १०० मीटरपर्यंत सेकंदाला १००० मेगाबिट वाहून नेते, शेजाऱ्यांची गर्दी तिला बाधत नाही, आणि उरलेल्यांसाठी हवाही मोकळी होते. दुकानदार हा उपाय सहसा सांगत नाही.

आता ताईच्या मागच्या मुलाखतीकडे येऊ. जोडणी १०० मेगाबिटची. पडद्यावरच्या संभाषणाला तीन-चार मेगाबिट पुरतात. मग आवाज तुटला का? शोध घेतला तर असे आढळते : त्याच वेळी बाबांचा मोबाइल आदल्या दिवशीच्या लग्नाची चलचित्रे आपण होऊन दूरच्या साठ्यात पाठवत होता. ती ३००० मेगाबाइट होती, आणि घरातून बाहेर जाण्याचा वेग समजा १० मेगाबिट होता. २४,००० मेगाबिटांना १० ने भागले की २४०० सेकंद येतात, म्हणजे चाळीस मिनिटे. मुलाखत अर्ध्या तासाची!

पण तारेत जागा वाटून घेता आली असती. तुटण्याचे कारण काय? कारण आहे रांग. बाहेर पडायला वाट अरुंद, म्हणून आलेली पाकिटे डब्यातील स्मृतीत रांगेत थांबतात. स्मृती स्वस्त झाल्यामुळे निर्मात्यांनी ती भरपूर घातली, जेणेकरून एकही पाकीट टाकून द्यावे लागू नये. हेतू चांगला, परिणाम वाईट. रांगेत अडीच मेगाबाइट साठले, म्हणजे २० मेगाबिट. १० च्या वेगाने ती रांग सरायला दोन सेकंद लागतात. ताईच्या आवाजाचे चिमुकले पाकीट लग्नाच्या शेकडो पाकिटांमागे उभे राहते आणि दोन सेकंद उशिरा निघते. चलचित्राला उशीर चालतो. संभाषणाला चालत नाही. २०१० साली जिम गेटिस या अमेरिकन संगणकतज्ज्ञाला आपल्या घरच्याच जोडणीवर हा दोष आढळला, आणि तो जगभरच्या डब्यांत आहे हे त्याने दाखवून दिले. पुढे २०१२ साली कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी यावर एक रीत सुचवली : पाकीट रांगेत किती वेळ थांबले हे मोजायचे, आणि थांबणे फार वाढू लागले तर काही पाकिटे मुद्दाम टाकून द्यायची. पाठवणाऱ्याला पोचपावती मिळत नाही, तो समजतो की वाट भरली आहे, आणि वेग कमी करतो. टाकलेले पाकीट तो पुन्हा पाठवतो, तेव्हा हरवत काहीच नाही. शिवाय प्रत्येक यंत्राच्या पाकिटांची वेगळी रांग करून आळीपाळीने सोडली, तर बोलणारा ताटकळत नाही.

काही राउटरमध्ये ही रांगेची व्यवस्था असते, काहींत नसते. माझ्या मते चार माणसांच्या घराला दोन हजार मेगाबिटच्या जाहिरातीपेक्षा हिची किंमत जास्त आहे. आणि बिचाऱ्या विक्रेत्याला बहुधा तिचे नावही ठाऊक नसते, म्हणून माहितीपुस्तिका आपणच वाचावी लागते.

एक गोष्ट मात्र किमतीवर सोडू नका. राउटर हाही एक छोटा संगणकच आहे आणि तो रात्रंदिवस जगाच्या दारात उभा असतो. २०१६ साली 'मिराई' नावाच्या एका घातक कार्यक्रमाने जगातील लाखो कॅमेरे, राउटर अशी यंत्रे ताब्यात घेतली. कशी? कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द मालकांनी कधी बदललाच नव्हता, आणि कार्यक्रमाजवळ अशा ठरीव शब्दांची साठेक जोड्यांची यादी होती! २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा यंत्रांनी मिळून अमेरिकेतील एका पत्तासेवेवर मारा केला आणि कित्येक मोठी संकेतस्थळे काही तास दिसेनाशी झाली. ती यंत्रे घराघरांत गुपचूप बसलेली होती. मालकांना पत्ताही नव्हता. म्हणून राउटरच्या मांडणीचा परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदला. वाय-फायचा शब्द वेगळा ठेवा आणि सुरक्षेसाठी 'डब्ल्यूपीए दोन' किंवा 'तीन' निवडा. निर्माता सुधारणा किती वर्षे पुरवणार, हेही विचारा. ज्याच्या सुधारणा बंद झाल्या आहेत असा राउटर अर्ध्या किमतीत मिळाला तरी घेऊ नये.

नवा राउटर आणण्यापूर्वी सोमवारी रात्री एक प्रयोग करा. संगणकावर आज्ञा लिहिण्याची काळी खिडकी उघडा. तेथे 'पिंग' हा शब्द इंग्रजीत लिहून, एक जागा सोडून, राउटरचा पत्ता लिहा. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. संगणक एक लहान पाकीट पाठवून ते परत यायला किती मिलिसेकंद लागले, ते दाखवतो. मग हेच ८.८.८.८ या दूरच्या पत्त्यासाठी करा. दोन्ही आकडे वहीत लिहा. आता बाबांच्या मोबाइलवरून एक मोठे चलचित्र बाहेर पाठवायला लावा आणि ते चालू असतानाच दोन्ही आकडे पुन्हा घ्या.

राउटरचाच आकडा पाच-दहावरून शंभरावर गेला, तर दोष हवेत आहे : राउटरची जागा बदला किंवा लॅपटॉपला तार लावा. राउटरचा आकडा लहानच राहिला आणि दूरचा मात्र तीसवरून हजारावर गेला, तर दोष रांगेत आहे : रांगेची व्यवस्था असलेला राउटर शोधा. दोन्ही आकडे हलले नाहीत, तर बाबांचे पैसे खिशातच राहू द्या. आणि रांगेचा दोष निघाला पण मंगळवारपर्यंत नवा राउटर येणे शक्य नसेल, तर मुलाखतीच्या अर्ध्या तासापुरते बाबांच्या मोबाइलचे वाय-फाय बंद ठेवा.